दोमलांचा लांबलेला ताप

निशोन दोमलांना फ्लू झाला तो फेब्रुवारीच्या तीन तारखेला आणि बरा झाला तो नऊ तारखेला. त्यानंतरचे अठरा दिवस ते आजारी राहिले ते निव्वळ स्वतःच्या हिमतीवर.

दोमला म्हणजे मास्तर. उझबेकिस्तानातल्या कोसोनसोयच्या शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. व्होल्गा नदी कुठे उगम पावते, कुठे मिळते, वाटेत कोणकोणती शहरं लागतात हे त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांकडून घोकून घेतलं, आणि त्यातली निम्मी माणसं पुढे त्याच शहरांत कामाला निघून गेली. स्वतः दोमला ताश्कंदच्या पलीकडे कधी गेले नव्हते. भिंतीवर नकाशा असताना प्रवासाची गरज काय, असं त्यांचं मत होतं. त्यांची एकुलती एक मुलगी मुअत्तर लग्न होऊन नवऱ्याबरोबर कझानला गेली तेव्हा त्यांनी नकाशावर बोटं टेकवून बायकोला समजावलं होतं, "हे बघ, इथून इथे. वीतभर तर अंतर आहे."

त्या वीतभर अंतरावर त्यांची बायको ओयदिन गेली, त्याला आता चौदा महिने झाले होते. मुअत्तर बाळंत झाली होती. बाळंतपणाचे चाळीस दिवस आई आणि मूल उंबरठा ओलांडत नाहीत, आणि ते चाळीस दिवस बाळंतिणीची आई तिच्याजवळ असावी, याबद्दल सबंध फर्गाना खोऱ्यात दुमत नाही. ओयदिन चाळीस दिवसांसाठीच गेली. चाळीस दिवस संपले. मग नातवाला दात येऊ लागले. मग मुअत्तर कामावर जाऊ लागली. मग नातू भिंतीला धरून चालू लागला, आणि भिंत संपते तिथे त्याला धरायला कोणीतरी हवं होतं.

दोमलांनी एकदाही 'परत ये' म्हटलं नाही. असं म्हणायची पद्धत नव्हती. त्यांच्या गावात नवरा बायकोला नावानंसुद्धा हाक मारत नाही, थोरल्या लेकराच्या नावानं मारतो. मुलगी झाल्यापासून दोमला ओयदिनला "मुअत्तर" म्हणत आले. अजूनही दिवेलागणीला अंगणात सवयीनं "मुअत्तर!" अशी हाक निघून जाई, आणि ओ द्यायला दोघींपैकी एकही घरात नसे. एका हाकेत दोन माणसं गेली होती.

फोन रविवारी यायचा. चार-पाच मिनिटांचा.

"बरे आहात ना?"

"बरा आहे. तुम्ही?"

"आम्ही बरे आहोत. बर्फ आहे का तिकडे?"

"होता. वितळला."

"इकडे वितळत नाही."

मग नातवाला फोनसमोर धरलं जाई, तो फोन चाटे, आणि आठवडा संपे.

अशा स्थितीत फ्लू आला. पहिल्या दिवशी ताप एकोणचाळीस सेल्सिअसवर गेला. हाडं कोणीतरी लाटण्यानं लाटतंय असं वाटू लागलं. शेजारच्या शराफत-अम्मांनी धुराड्यातून सकाळचा धूर निघाला नाही हे पाहिलं आणि त्या न विचारता आत आल्या. शराफत-अम्मा सत्तरीच्या होत्या आणि गेली पन्नास वर्षं कुठेही न विचारताच आत जात होत्या.

"दोमला, मेलात की काय?"

"नाही अम्मा."

"मग दार का लावलंय? जिवंत माणसानं दार लावू नये."

दुपारी त्यांनी उमोच आणलं, म्हणजे हातावर चोळलेल्या कणकेच्या बारीक गोळ्यांचं, कांदा आणि लाल मिरची घातलेलं पातळ सूप. तापात सगळं गाव हेच पितं. मधल्या वेळात कंपाउंडर तुल्किन सुई देऊन गेला. तुल्किन सगळ्यालाच सुई देत असे, ताप असो की घटस्फोट.

संध्याकाळी अम्मांनी इसिरिकची जुडी पेटवली. गुडघाभर उंचीचं हे रानटी झुडूप वाळवून प्रत्येक घराच्या दारावर टांगलेलं असतं, आणि त्याचा धूर आजाऱ्याभोवती तीनदा फिरवावा लागतो. यात एक अडचण आहे. हा धूर स्वतःचा स्वतःवर फिरवता येत नाही, दुसरं माणूस लागतं. धूर फिरवताना अम्मा पुटपुटत होत्या, "माझा हात नाही, बीबी फातिमाचा हात. माझा हात नाही, बीबी झुहराचा हात."

दोमला डोळे मिटून बसले होते. त्यांना बीबी फातिमाबद्दल नितांत आदर होता, बीबी झुहराबद्दलही होता. पण त्या क्षणी त्यांना या दोघींपैकी कोणाचाच हात नको होता. त्यांना हवा होता तो हात कझानमध्ये एका पोराचं नाक पुसत होता.

अम्मांनीच ओयदिनला फोन लावला. "तुझा नवरा तव्यावरच्या रोटीसारखा तापलाय," एवढंच सांगून त्यांनी फोन दोमलांच्या कानाला लावला.

"अहो," ओयदिन म्हणाली. आवाज बदललेला होता. "कधीपासून? अंगावर काय घेतलंय? ते राखाडी लोकरीचं कुठे आहे? कपाटात नाही, मोठ्या पेटीत, खालून दुसरं. मुळा आहे का घरात? त्याला वरून कोरा, आत मध भरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी जो रस सुटेल तो प्या. चहा काळा. ऐकताय ना? हिरव्याला हात लावू नका. तुमची प्रकृती मुळातच थंड. दही नको. मी सकाळी फोन करते."

सकाळी तिनं खरोखर फोन केला. दोमलांनी फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी बायकोचा चेहरा एवढा वेळ पाहिला. ती थोडी जाड झाली होती. डोक्यावरचा रुमाल नवीन होता. ती त्यांच्याकडे बघत होती, म्हणजे जिभेकडे.

"अजून बाहेर काढा. अजून. पांढरी आहे. डोंगरी पुदिना उकळून प्या."

संध्याकाळी पुन्हा फोन. दुसऱ्या दिवशी दोनदा. बिहीच्या बिया गरम पाण्यात भिजवून गुळण्या. कढत पाण्यात पाय. छातीला दुंब्याची, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याची चरबी. बोलता बोलता ती स्वयंपाकघरातून दुसऱ्या खोलीत जाई, फोन तिच्या हातात हेलकावे खाई, आणि दोमलांना दिसे एक पिवळा पडदा, वाळत घातलेले इवले मोजे, जावई एल्योरचे अवाढव्य बूट. एकदा तर ती कणीक मळता मळता बोलली. तिची बोटं कणकेत रुतत होती. त्या दिवशी दोमलांनी गुळण्या दोनदा केल्या.

नऊ तारखेला सकाळी थर्मामीटरनं छत्तीस पूर्णांक सहा दशांश दाखवलं. दोमलांनी तो झटकून पुन्हा लावला. पुन्हा तेच. भूक लागली होती. डोकं लख्ख होतं. बाहेर जर्दाळूच्या फांदीवर चिमण्या भांडत होत्या. फोन वाजला.

"ताप?"

तेहतीस वर्षांच्या संसारात दोमला बायकोशी फक्त दोनदा खोटं बोलले होते, आणि दोन्ही वेळा विषय सिगरेटचा होता.

"अडतीस," ते म्हणाले. "थोडा वरच."

तिच्या कपाळावर आठी पडली. तेवढी एक आठी बघायला माणसानं काय काय करावं, याचा दोमलांनी त्या क्षणापर्यंत विचार केला नव्हता.

खोटं आजारपण चालवणं ही सोपी गोष्ट नाही. खऱ्या आजारात माणूस निवांत पडून राहतो, खोट्यात फार लक्ष ठेवावं लागतं. दोमलांनी वहीत नोंदी सुरू केल्या. दहा तारीख, सकाळी खोकला कोरडा. संध्याकाळी ओला. अकरा, थंडी वाजून येणे. बारा, कानदुखी, फक्त डावा. शिक्षकाचा पेशा, सगळं टापटीप. खोकला त्यांनी गोठ्यात जाऊन घोटून घेतला. गाईनं पहिल्या दिवशी मान वर केली, नंतर तिनंही लक्ष देणं सोडलं.

पण खोट्याला कुठेतरी भोक असतंच. तेरा तारखेला संध्याकाळी ते जेवत असताना फोन लवकर आला. घाईघाईनं त्यांनी ते लोकरीचं गळ्याभोवती गुंडाळलं, चेहरा पाडला, फोन भांड्याला टेकवला आणि खोकले. छान खोकले.

ओयदिन त्यांच्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या कोपराकडे बघत होती.

"त्या पेल्यात काय आहे?"

"चहा."

"कुठला?"

"काळा," दोमला म्हणाले.

पेल्यातला चहा गवताच्या रंगाचा होता. शेजारी दह्याचा वाडगा होता आणि त्यात चमचा उभा होता. थंडी वाजून येणाऱ्या तापात हिरवा चहा आणि वर दही! खोऱ्यात पाच वर्षांचं पोरही असं करणार नाही. खऱ्या आजाऱ्याच्या घशाखाली ते उतरणारच नाही. दोमलांना वाडगा दिसला तेव्हा फार उशीर झाला होता.

ओयदिननं पेला, वाडगा, चमचा असं क्रमानं पाहिलं. मग म्हणाली, "बरं. साध्या औषधाला दाद देत नाही हा ताप. उद्यापासून जरा कडक घेऊ."

चौदा तारखेला त्यांना कांद्याचा रस प्यावा लागला, फुलपात्रभर. पंधराला वितळलेली दुंब्याची चरबी, काळ्या चहात, वर चमचाभर मिरपूड. सोळाला मोज्यांत मोहरीची पूड भरून दोन तास बसणं. आणि सतराला शुवोक. शुवोक हे डोंगरउतारावरचं एक करडं झुडूप आहे. मेंढ्याही दुष्काळ पडल्याशिवाय त्याला तोंड लावत नाहीत.

"उकळलंत?"

"उकळलं."

"गाळू नका. तसंच प्या. माझ्यासमोर."

दोमला प्यायले. डोळ्यांतून पाणी आलं, कानांतून वाफ निघाल्यासारखं वाटलं, आणि सासूचं, तुल्किनचं आणि शिक्षणाधिकाऱ्याचं एकदम स्मरण झालं.

"कसं वाटलं?"

"जरा उतार वाटतोय."

"मग उद्या दोनदा."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हे हलणं दोमलांना ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी ऐटीत चूल पेटवायला घेतली होती आणि भुवया जाळून घेतल्या होत्या, तेव्हा ते असंच हललं होतं. म्हणजे हिला कळलंय, दोमलांच्या लक्षात आलं. पण विचारायचं कसं? विचारणं म्हणजे कबूल करणं, आणि कबूल केलं की पुन्हा रविवार. ते रोज सकाळ-संध्याकाळ शुवोक पीत राहिले. ती रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहिली. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. शुवोक घशाखाली उतरेपर्यंतच्या वेळात ती सांगे की नातू आता 'नाही' म्हणायला शिकलाय, की खिडकीतून नदी दिसते, गोठलेली, आणि माणसं तिच्यावर भोकं पाडून मासे धरत बसतात.

"व्होल्गाची रुंदी तिथे..." दोमला सुरू करत.

"रुंदी राहू दे. पेला रिकामा करा."

गल्लीला मात्र काळजी लागली. इतका लांबलेला फ्लू कोणी पाहिला नव्हता. रोज कोणी ना कोणी विचारपूस करायला येई. आजाऱ्याला भेटायला न जाणं हे खोऱ्यात चोरीच्या खालोखाल मोजतात. प्रत्येकाजवळ वाडगा आणि सल्ला. शेवटी शराफत-अम्मांनी निदान केलं, की ही नजर आहे. सत्तावीस तारखेला त्या वाडगाभर राख घेऊन आल्या. ती काठोकाठ सारखी करून त्यांनी वर रुमाल घट्ट बांधला आणि वाडगा उलटा करून दोमलांच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, पाठीवरून फिरवायला लागल्या. ज्याला नजर लागली असेल त्याच्या अंगावरून फिरवल्यावर राख एका बाजूनं खचते, आणि नजर काढणाऱ्याला जांभया येतात. जितकी नजर जबर तितक्या जांभया.

अम्मांना पहिली जांभई खांद्यापाशी आली. कमरेपर्यंत सात झाल्या. दोमलांना काही विशेष वाटलं नाही. भूगोलाच्या तासाला त्यांनी एका वेळी चाळीस पाहिल्या होत्या.

त्याच वेळी फोन वाजला, आणि तो अम्मांनीच घेतला.

"ओयदिन, पोरी, अगं कोणाची तरी फार वाईट नजर आहे! बघ, केवढी राख खचलीय. बिचारे खंगले. अंगात ताप आणि तरी माणुसकी सोडत नाहीत, शुक्रवारी आपल्या गल्लीतल्या हकीमच्या पोराच्या सुंतेला स्वतः चालत आले. दोन ताटं पुलाव खाल्ला. तिसरं मीच वाढलं."

 ओयदिन मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "अम्मा, फोन जरा त्यांच्याकडे द्या. आणि जाताना दार ओढून घ्या."

अम्मांनी जाताना जितका वेळ लावता येईल तितका लावला. दार लागलं.

"किती दिवस झाले बरं होऊन?" ओयदिननं विचारलं.

दोमलांनी वहीकडे पाहिलं. "अठरा."

"मग काय चाललंय हे?"

उत्तर तोंडाशी होतं. दोन शब्दांचं होतं. एखाद्या विशीतल्या पोरानं ते दिवसातून चारदा दिलं असतं. दोमलांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "गाय गाभण आहे."

"अहो!"

"मग... तू कधी येतेस, असं विचारायचं होतं."

ती पदराशी, म्हणजे रुमालाच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मुअत्तरला पुन्हा दिवस गेलेत. बाळंतपण जूनमध्ये. मी त्याआधी हलू शकत नाही आणि त्यानंतर तर नाहीच." जरा थांबून ती म्हणाली, "तुम्ही या इकडे."

"मी?"

"तुम्हीच. शाळा सुटली, गाय अम्मा बघतील. एल्योर दहादा म्हणाला, बाबांना बोलवा."

"जावयाच्या घरी जाऊन राहू? गल्ली काय म्हणेल? की निशोन दोमलाला स्वतःची चूल परवडेना, मुलीच्या दारी जाऊन बसला."

"गल्ली तुमच्यासाठी शुवोक पीत नाही."

बरोबर होतं. खोऱ्यात मुलीची आई मुलीकडे वर्षभर राहिली तर ती माया. बाप चार दिवसांच्या वर राहिला तर तो आश्रित. हा नियम कोणी केला हे ठाऊक नाही, पण तो मोडणाऱ्यांची नावं चहाच्या दुकानात तीन पिढ्या निघतात. दोमलांनी स्वतः काढली होती.

"बघू," ते म्हणाले. "छाती अजून भरल्यासारखी वाटतेय."

वाक्य तोंडातून सुटलं आणि त्यांना ते ऐकू आलं. ज्या आजारानं तिला आणायचं होतं त्याच्याच मागे ते आता लपून बसले होते.

ओयदिननं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. जिभेकडे नव्हे. "बरं," ती म्हणाली. "मग जपा." आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. संध्याकाळी आला नाही. दोमलांनी मनाशी म्हटलं, रविवारी येईल. रविवारी आला नाही. सोमवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे रोज फोन यायचा त्या वेळी, त्यांनी स्वतःहून शुवोक उकळला, न गाळता पेल्यात ओतला, फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला आणि त्या काळ्या काचेसमोर बसून पेला रिकामा केला. कडू होता. पण पूर्वी तो इतका कडू नव्हता, असं त्यांना वाटलं. पूर्वी त्यात कोणाचं तरी बघणं मिसळलेलं असे. मंगळवारीही त्यांनी तेच केलं. गावात कोणाला सांगितलं असतं तर राखेचा दुसरा वाडगा आला असता.

एकदा नकाशासमोरही उभे राहिले. वीतभरच होतं. त्यांनी वीत टेकवली, अंगठा कोसोनसोयवर, करंगळी कझानवर, आणि पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं की मध्ये हाताला काहीच लागत नाही.

बुधवारी त्यांनी स्वतः फोन लावला. आजवर कधी लावला नव्हता. नेहमी तीच लावायची, आणि नंबर शोधायला त्यांना चष्मा बदलावा लागला. मुअत्तरनं उचलला.

"बाबा? तुम्ही? काय झालं?"

"काही नाही. तुझी आई कुठे आहे?"

"आई..." मुअत्तर अडखळली. मागून काहीतरी कुजबुज ऐकू आली. "आईला फ्लू झालाय, बाबा."

"फ्लू? ताप किती?"

पुन्हा कुजबुज. "अडतीस. थोडा वरच."

आणि मग मागून खोकला आला. दोमला ताठ बसले. खोकल्याबद्दल त्या महिन्यात सबंध प्रांतात त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. पहिला ठसका फार लांब होता. दुसरा त्याच्या अगदी लागून. मध्ये श्वास घेतलेलाच नाही. खरा आजारी असं खोकूच शकत नाही, गुदमरेल. गोठ्यात पहिल्या दिवशी त्यांचंही हेच चुकलं होतं.

"दे तिला," ते म्हणाले.

"अहो," ओयदिन क्षीण आवाजात म्हणाली. "काय सांगू. हाडं नुसती लाटल्यासारखी झालीत."

"काही घेतलंस?"

"इथे काय मिळणार? पोरं गोळ्या देतात. शेजारीण रास्पबेरीचा मुरंबा देऊन गेली. डोंगरी पुदिना नाही, इसिरिक नाही, शुवोकचं तर नावही कोणाला माहीत नाही."

"कोणाबरोबर पाठवू का?"

"पाठवलेल्या औषधानं गुण येत नाही." ती पुन्हा खोकली. या वेळी मध्ये श्वास घेतला. ती भराभर शिकत होती. "आणि आजारी माणसाला भेटायला यायला तर कोणी नावं ठेवत नाही ना? आपल्याकडे तरी?"

 तेहतीस वर्षं आपण एका फार हुशार बाईबरोबर राहिलो आणि त्यातली निम्मी वर्षं तिला नद्या शिकवण्यात घालवली, असं दोमलांच्या मनात आलं.

"जीभ दाखव," ते म्हणाले.

"फोनचा कॅमेरा बंद आहे."

"मग आल्यावर बघतो."

दुपारपर्यंत गल्लीला बातमी झाली. दोमलांची बायको परमुलखात आजारी, दोमला भेटीला निघाले. कोणी जावयाचं नावही काढलं नाही. आजाऱ्याची भेट म्हणजे पुण्य, त्यात जावई कुठला आला? उलट प्रत्येक घरातून एकेक पुडकं येऊ लागलं. हकीमकडून बिहीच्या बिया. तुल्किननं सुया आणल्या, त्या त्याला परत दिल्या. शराफत-अम्मांनी इसिरिकच्या चार जुड्या आणि दुंब्याच्या चरबीची बरणी बॅगेत कोंबली आणि वर बसून चेन लावली.

"गाईची काळजी नको. किती दिवस राहणार?"

"ती बरी होईपर्यंत."

अम्मांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. जांभई आली नाही. "असल्या दुखण्यात घाई करू नये," त्या म्हणाल्या.

नमनगानच्या विमानतळावर तपासणीच्या टेबलामागे एक पन्नाशीची बाई बसली होती. गणवेश इस्त्रीचा, चेहराही. बॅग यंत्रातून बाहेर आली तशी तिनं ती बाजूला ओढून उघडायला सांगितली. आत दोन शर्ट होते, एक पायजमा, आणि बाकी सगळं गवत. विमानतळाचा तो कोपरा डोंगरासारखा घमघमला.

"हे काय आहे?"

"इसिरिक."

"ते दिसतंय. माझ्याही दारावर आहे. हे करडं?"

"शुवोक."

"हे कोणी स्वखुशीनं पितं?"

"मी पीत होतो," दोमला म्हणाले. "दहा दिवस. नंतर आणखी दोन, ते माझ्या मनानं."

तिनं बरणी उचलून उजेडात धरली. "चरबी जाणार नाही. प्राण्यांचं काही नेता येत नाही. कोणासाठी नेताय हे सगळं?"

"बायकोसाठी. फ्लू झालाय तिला. कझानला असते, मुलीकडे."

"कझानमध्ये औषधाची दुकानं नाहीत?"

"आहेत."

"ताप किती आहे?"

दोमलांनी तोंड उघडलं. अडतीस, थोडा वरच, हे जिभेवर तयार होतं. मागे रांग खोळंबली होती, कोणीतरी बॅगेनं त्यांच्या पायाला ढोसत होतं. समोरची बाई पेन उचलून वाट बघत होती, जणू उत्तर तिला कुठल्या तरी रकान्यात भरायचं होतं.

"ताप नाही," दोमला म्हणाले. "तिला काही झालेलं नाही. मला तिच्यावाचून करमत नाही."

ढोसणं थांबलं. बाईनं पेन खाली ठेवलं. तिनं जुड्या एकेक करून परत बॅगेत भरल्या, शुवोक कागदात नीट गुंडाळला, बरणी टेबलाखाली ठेवली आणि चेन लावून बॅग त्यांच्याकडे सरकवली.

"पुढे व्हा, दोमला," ती म्हणाली.

ते दोमला आहेत हे तिला कसं कळलं, हे त्यांनी विचारलं नाही. कान तापले होते आणि पाय आपोआप चालत होते. वाक्य तोंडातून गेलं होतं आणि छत पडलं नव्हतं. आता तेच वाक्य कझानमध्ये एका पिवळ्या पडद्याच्या खोलीत पुन्हा म्हणायचं होतं, जावयाच्या त्या अवाढव्य बुटांशेजारी आपले बूट काढून ठेवून, आणि या वेळी समोर गणवेश नसणार होता. विमान साडेतीन तास घेणार होतं. दोमला खिडकीजवळच्या जागेवर बसले, पट्टा बांधला, आणि ओठ न हलवता ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. पहिल्या खेपेला नीट जमलं नाही.